ब्रह्महृदय: उतारवयातील पिवळ्या महाकाय ताऱ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्महृदय म्हणजे आकाशातील नेमका कोणता तारा?

हिवाळ्यातील रात्री उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले असता बऱ्याच उंचीवर जो ठळक आणि किंचित पिवळसर तारा दिसतो, तो ब्रह्महृदय. पाश्चात्त्य नकाशांत त्याला कॅपेला म्हणतात. सारथी या तारकासमूहातील तो सर्वांत तेजस्वी तारा असून त्याची दृश्य प्रत, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तेजाचे माप, ०.०८ आहे (हा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). रात्रीच्या आकाशातील ताऱ्यांचा तेजानुसार क्रम लावल्यास व्याध, अगस्त्य, मित्र, स्वाती आणि अभिजित यांच्यानंतर त्याचा सहावा क्रमांक लागतो. पहिल्या प्रतीच्या ठळक ताऱ्यांपैकी खगोलीय उत्तर ध्रुवाला सर्वांत जवळचा ताराही हाच आहे. त्याचे आपल्यापासूनचे अंतर सुमारे ४३ प्रकाशवर्षे आहे, म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश सुमारे ४३ वर्षांपूर्वी तेथून निघालेला असतो.

महाराष्ट्रातून आणि गोव्यातून तो केव्हा व कोठे दिसतो?

नोव्हेंबरच्या सुरुवातीस तो रात्री आठच्या सुमारास ईशान्येला उगवतो. डिसेंबरच्या आरंभी तो संधिप्रकाशातच क्षितिजावर येतो आणि जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रात्री नऊच्या आसपास याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे उत्तर व दक्षिण दिशांना डोक्यावरून जोडणाऱ्या रेषेवर, असतो. त्या वेळी मुंबईहून त्याची उत्तर क्षितिजापासूनची उंची सुमारे ६३ अंश, नागपूरहून सुमारे ६५ अंश, तर पणजीहून साधारण ५९ अंश भरते. एप्रिल आणि मे महिन्यांत तो संध्याकाळी वायव्येकडे कललेला दिसतो.

ओळख पटवण्यासाठी मृग नक्षत्रापासून सुरुवात करणे सोयीचे. मृगाच्या वायव्येस तांबूस रोहिणी आहे आणि रोहिणीहून उत्तरेकडे सरकल्यास पंचकोनी सारथी समूहाच्या माथ्याजवळ ब्रह्महृदय सापडतो. ब्रह्महृदय, रोहिणी, राजन्य, व्याध, प्रश्वा आणि पुनर्वसू या सहांना जोडले की हिवाळ्यातील षट्कोन पूर्ण होतो व त्याचे उत्तरेकडील टोक ब्रह्महृदय असते. रंगांतील फरक डोळ्यांना पटवून घ्यायचा असेल, तर निळसर पांढरा व्याध, तांबूस रोहिणी आणि पिवळसर ब्रह्महृदय हे तिन्ही एकापाठोपाठ पाहावेत. एकट्या ताऱ्याकडे पाहून त्याचा रंग सांगणे फारसे भरवशाचे नसते.

उत्तरेकडे ४४ अक्षांशांच्या पलीकडे राहणाऱ्यांसाठी तो मावळतच नाही. त्यामुळे लंडनमधील मराठी माणसाला तो उन्हाळ्यातही उत्तर क्षितिजालगत रेंगाळताना दिसतो.

क्षितिजाजवळ असताना तो लाल, हिरवा, निळा असा का चमचमतो?

हा परिणाम ताऱ्याचा नसून आपल्या वातावरणाचा आहे. क्षितिजाजवळील प्रकाशाला हवेच्या जाड आणि अस्थिर थरांतून यावे लागते. त्या थरांत वेगवेगळ्या रंगांचे किरण कमीअधिक वळतात आणि क्षणाक्षणाला वेगळा रंग डोळ्यांपर्यंत पोहोचतो. तारा पुरेसा वर आला की ही रंगांची उधळण थांबते.

तो एकच तारा आहे की दोन?

डोळ्यांना एक दिसणारा हा प्रकाशबिंदू प्रत्यक्षात दोन महाकाय ताऱ्यांचा आहे. हे दोघे परस्परांभोवती १०४ दिवसांत एक प्रदक्षिणा जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत पूर्ण करतात आणि त्यांच्यातील अंतर सुमारे ११ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य आणि शुक्र यांच्यातील अंतराहून किंचित अधिक आहे. त्यांना अनुक्रमे एए आणि एबी अशी नावे आहेत. खाली सोयीसाठी एएला पहिला आणि एबीला दुसरा म्हटले आहे.

दुर्बिणीतूनही वेगळे न दिसणारे हे दोन तारे ओळखले कसे?

प्रथम वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाची रंगांत फोड केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यावरून आणि त्यातील रेषांवरून. १८९९ मध्ये अमेरिकेतील लिक वेधशाळेत विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांनी आणि इंग्लंडमधील केंब्रिज येथे ह्यू न्यूऑल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ब्रह्महृदयाच्या वर्णपटात दोन ताऱ्यांच्या रेषा मिसळलेल्या आहेत आणि त्या ठरावीक काळाने एकमेकींपासून दूर जातात व पुन्हा जुळतात, असे जाहीर केले. एक तारा आपल्याकडे येत असताना दुसरा दूर जात असतो, म्हणून एकाच्या रेषा निळ्या टोकाकडे, तर दुसऱ्याच्या लाल टोकाकडे सरकतात.

त्यांना प्रत्यक्ष अलग करून पाहण्याचे काम कितीतरी कठीण होते, कारण पृथ्वीवरून त्यांच्यातील कोनीय अंतर कमाल ०.०५ कोनीय सेकंदांच्या आसपास भरते. सुमारे ८० किलोमीटरवर ठेवलेले रुपयाचे नाणे आपल्याला जेवढे दिसेल, साधारण तेवढे. १९१९ च्या अखेरीस माउंट विल्सन वेधशाळेत जॉन अँडरसन यांनी तेथील १०० इंची हूकर दुर्बिणीवर व्यतिकरणाच्या (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उजळ व काळ्या पट्ट्या उमटण्याच्या) तत्त्वावर चालणारे साधन, म्हणजे इंटरफेरोमीटर, बसवले आणि प्रकाशाच्या पट्ट्या केव्हा स्पष्ट व केव्हा पुसट होतात यावरून दोन ताऱ्यांमधील अंतर व दिशा मोजली. सूर्यमालेबाहेरील वस्तूवर या पद्धतीने यशस्वी मोजणी होण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढील वर्षी याच दुर्बिणीवर मृगातील काक्षी या ताऱ्याचा व्यास मोजला गेला आणि सारी प्रसिद्धी त्या मोजणीला मिळाली. पण वाट आधी ब्रह्महृदयाने दाखवली होती, हे विसरले जाऊ नये. १९९५ मध्ये केंब्रिजच्या ‘कोस्ट’ या दुर्बीणसंचाने एकमेकांपासून दूर ठेवलेल्या आरशांचा प्रकाश एकत्र करून या जोडीची प्रतिमा तयार केली आणि तीत दोन वेगळे ठिपके उमटले.

तो पिवळा आहे, म्हणजे सूर्यासारखाच आहे का?

रंगापुरता होय, बाकी जवळजवळ काहीच नाही. ताऱ्याचा रंग त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर ठरतो आणि दुसऱ्या ताऱ्याचे पृष्ठीय तापमान सुमारे ५,७३० केल्विन असल्याने ते सूर्याच्या सुमारे ५,७७० केल्विनपेक्षा नाममात्रच कमी आहे. पहिला तारा थोडा थंड, सुमारे ४,९७० केल्विनचा, म्हणून किंचित नारिंगीकडे झुकणारा आहे. मात्र आकार पाहिला की साम्य संपते. पहिल्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे १२ पट, तर दुसऱ्याची जवळपास ९ पट आहे आणि प्रकाश अनुक्रमे सुमारे ७९ पट आणि ७३ पट आहे. वस्तुमान मात्र सूर्याच्या केवळ अडीच पटींच्या आसपास आहे. एवढे वस्तुमान एवढ्या मोठ्या आकारमानात पसरले असल्याने पहिल्या ताऱ्याची सरासरी घनता आपल्या श्वासातील हवेच्या दुपटीपेक्षाही कमी भरते, जरी त्याचा गाभा अतिशय दाट असला तरी. रंग ताऱ्याची फक्त कातडी सांगतो. आत काय चालले आहे हे कळण्यासाठी वस्तुमान आणि त्रिज्या या दोन्हींची जोड लागते. येथे दोन तारे परस्परांभोवती फिरत असल्यामुळेच त्यांचे वस्तुमान थेट मोजता येते.

या ताऱ्याला ‘म्हातारा’ म्हणतात. त्याचे वय किती?

सुमारे ५९ ते ६५ कोटी वर्षे. सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे आहे, तेव्हा वर्षे मोजली तर ब्रह्महृदय सूर्यापुढे अगदीच लहान ठरतो. तारा किती म्हातारा झाला हे त्याच्या गाभ्यातील इंधन किती उरले यावरून ठरवावे लागते. अडीच सूर्यांच्या वस्तुमानाचा तारा हायड्रोजन इतक्या वेगाने जाळतो की सूर्याला सुमारे १,००० कोटी वर्षे पुरणारी ही अवस्था तो साठेक कोटी वर्षांतच संपवतो. तरुणपणी हे दोघेही आजच्या अभिजितासारखे पांढरे, तप्त तारे होते.

दोघे एकाच वेळी जन्मले असतील, तर दोघांची अवस्था सारखी का नाही?

या ताऱ्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि खगोलशास्त्रज्ञ शतकभर त्याच्याकडे पुन्हा पुन्हा का वळले, याचे कारणही त्यातच आहे. २०१५ मध्ये ग्वियेर्मो तोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणानुसार पहिल्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.५७ पट आणि दुसऱ्याचे सुमारे २.४८ पट आहे. फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा, आणि तरीही पहिला तारा आयुष्याच्या एका टप्प्यावर स्थिरावलेला आहे, तर दुसरा एका टप्प्यातून दुसऱ्यात धावत आहे.

हे समजून घेण्यासाठी ताऱ्याच्या गाभ्याकडे पाहावे लागते. मुख्य श्रेणीत असताना तारा गाभ्यातील हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करतो आणि त्या संमीलनातून निघणारी ऊर्जा वरच्या थरांचा भार तोलून धरते. हायड्रोजन संपला की गाभ्यात केवळ हेलियम उरतो, जो त्या तापमानाला पेटत नाही. संमीलन फक्त गाभ्याभोवतीच्या कवचात चालू राहते आणि त्याची राख गाभ्यावर साचत जाते. मारिओ शॉनबर्ग आणि सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४२ मध्ये दाखवले की असा निष्क्रिय, समान तापमानाचा गाभा ताऱ्याच्या एकूण वस्तुमानाच्या साधारण दहा टक्क्यांपलीकडे गेला, तर तो वरचा भार पेलू शकत नाही. मग गाभा झपाट्याने आकुंचन पावतो आणि त्याच वेळी बाहेरचे थर फुगून थंड होऊ लागतात. ब्रह्महृदयाएवढ्या वस्तुमानाच्या ताऱ्याला हे संक्रमण पार करायला जेमतेम काही दशलक्ष वर्षे लागतात. ताऱ्यांचे तापमान आणि तेज यांचा आलेख काढला असता या टप्प्यात फारच थोडे तारे सापडतात, म्हणून तेथे रिकामी जागा दिसते आणि तिला डॅनिश खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंग यांचे नाव आहे. ब्रह्महृदयातील दुसरा तारा नेमका या रिकाम्या जागेत आहे.

पहिला तारा थोडा अधिक जड, म्हणून थोडा अधिक उधळा. तो या टप्प्यातून आधीच पुढे गेला, आजच्यापेक्षाही अधिक फुगला, त्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे १० कोटी केल्विनपर्यंत चढले आणि तेथे हेलियमचे कार्बनमध्ये संमीलन सुरू झाले. ते सुरू होताच तो पुन्हा काहीसा आक्रसला आणि आता कोट्यवधी वर्षांसाठी स्थिर झाला आहे. म्हणजे आज दोघांचे तेज जवळपास सारखे असले, तरी एक फुगण्याच्या वाटेवर आहे आणि दुसरा फुगून परतलेला आहे. एकच वय, एकच मूळ द्रव्य आणि अचूक मोजलेली वस्तुमाने असलेली ही जोडी ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या कोणत्याही गणिती प्रतिमानाला कठोर परीक्षेला बसवते. प्रतिमानाने दोन्ही ताऱ्यांची त्रिज्या व तापमान एकाच वयाला बरोबर सांगितले पाहिजे, आणि हे साधणे वाटते तितके सोपे नव्हते.

पहिला तारा खरोखरच पुढच्या अवस्थेत आहे, याचा काही स्वतंत्र पुरावा आहे का?

आहे, आणि तो लिथियमचा आहे. लिथियम हे मूलद्रव्य ताऱ्याच्या आतील उष्णतेत सहज नष्ट होते व केवळ वरच्या थंड थरांतच टिकते. तारा फुगून तांबड्या महाकाय अवस्थेत गेला की त्याच्या बाहेरील थरांत खोलवर अभिसरण सुरू होते आणि पृष्ठभागावरील लिथियम आतील लिथियमरहित द्रव्यात मिसळून विरळ होते. ब्रह्महृदयाच्या पहिल्या ताऱ्यात लिथियमचे प्रमाण दुसऱ्यापेक्षा शंभर पटींहून कमी आढळते. दोघांच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगातही अशीच तफावत आहे: पहिल्याला एका फेरीस सुमारे १०४ दिवस लागतात, तर दुसऱ्याला साडेआठ दिवसांच्या आसपास. या जलद परिवलनामुळे दुसऱ्या ताऱ्याच्या वर्णरेषा पसरट होतात आणि त्याच्या वस्तुमानाचे मापन दीर्घकाळ वादग्रस्त राहिले, ते बहुतांशी याचमुळे.

ब्रह्महृदयातून क्ष-किरण येतात हे खरे आहे का?

होय. सूर्याप्रमाणेच या ताऱ्यांभोवतीही अतितप्त विरळ वायूचे किरीट आहे, ज्याचे तापमान अनेक दशलक्ष केल्विन आहे. १९७४ मध्ये रॉकेटवरून पाठवलेल्या उपकरणाने ब्रह्महृदयाचे क्ष-किरण टिपले आणि सूर्याखेरीज इतर ताऱ्यांच्या किरिटाचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा ठरला. वर शॉनबर्ग यांच्यासह ज्यांचा उल्लेख आला, त्याच चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या आणि १९९९ मध्ये सोडलेल्या ‘चंद्रा’ या अवकाश दुर्बिणीनेही आपल्या उपकरणांचे अंशांकन तपासण्यासाठी ब्रह्महृदयाचे वेध घेतले आहेत.

या दोघांखेरीज तेथे आणखी तारे आहेत का?

दोन लाल बटू तारे आहेत. फिनलंडचे खगोलशास्त्रज्ञ राग्नार फुरुह्येल्म यांनी १९१४ मध्ये यांपैकी एक ओळखला आणि १९३६ मध्ये कार्ल स्टर्न्स यांनी त्याला स्वतःचा जोडीदार असल्याचे दाखवले. ही फिकट जोडी महाकाय जोडीपासून पृथ्वी व सूर्य यांच्यातील अंतराच्या सुमारे १०,००० पट दूर आहे. जुन्या याद्यांत ब्रह्महृदयाचे सोबती म्हणून नोंदवलेले इतर काही तारे मात्र केवळ त्याच दिशेला दिसणारे आहेत.

त्याचा स्फोट होईल का, आणि पृथ्वीला काही धोका आहे का?

अतिनवताऱ्याच्या रूपाने स्फोट होण्यासाठी एकट्या ताऱ्याचे वस्तुमान साधारण आठ सूर्यांहून अधिक लागते. येथे प्रत्येकाचे ते अडीचच्या आसपास आहे. तेव्हा दोन्ही तारे बाहेरचे थर अवकाशात सोडून देतील आणि शेवटी श्वेतबटू म्हणून उरतील. त्यापूर्वी, हेलियम संपल्यावर पहिला तारा पुन्हा प्रचंड फुगेल आणि त्या वेळी त्याचे बाह्य थर सोबत्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास दोघांच्या कक्षा आणि वस्तुमाने या साऱ्याच गोष्टी बदलतील. हे सारे घडायला कोट्यवधी वर्षे आहेत आणि तोपर्यंत हा तारा सध्याच्या जागी नसेलही, कारण तो सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात आहे. याच गतीचा मागे हिशेब केला असता असे दिसते की सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी ब्रह्महृदय आपल्याला बराच जवळ होता आणि काही काळ रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा तोच होता.

आपल्या प्राचीन ग्रंथांत ब्रह्महृदयाचा उल्लेख आहे का?

सूर्यसिद्धान्तात त्याचे स्थान अंशांत दिले आहे. तेथे अग्नी आणि ब्रह्महृदय हे दोन्ही तारे वृषभ राशीच्या २२ व्या अंशावर, उत्तरेला अनुक्रमे ८ आणि ३० अंश विक्षेपावर (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गापासूनच्या अंतरावर) असल्याचे म्हटले आहे आणि प्रजापती हा तारा ब्रह्महृदयाच्या पूर्वेस पाच अंशांवर सांगितला आहे. हे विक्षेप आजच्या पद्धतीहून वेगळ्या रीतीने मोजलेले असल्यामुळे ते आधुनिक शरांशी (याच अंतराच्या आजच्या मापांशी) थेट ताडून पाहू नयेत.

याहून रंजक उल्लेख ताऱ्यांच्या उदयास्ताच्या प्रकरणात आहे. अभिजित, ब्रह्महृदय, स्वाती, श्रवण, धनिष्ठा आणि उत्तरा भाद्रपदा हे तारे उत्तरेकडे असल्यामुळे सूर्याच्या किरणांत लुप्त होत नाहीत, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. याचा पडताळा गणिताने घेता येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आणि ब्रह्महृदय यांचे विषुवांश (आकाशातील पूर्व-पश्चिम स्थान) सारखे होतात, पण तारा बराच उत्तरेला असल्याने मुंबईच्या अक्षांशावर तो सूर्यानंतर सुमारे ५० मिनिटांनी मावळतो आणि दुसऱ्या पहाटे सूर्याच्या सुमारे ५० मिनिटे आधी उगवतो. अधिक उत्तरेकडील उज्जैनसारख्या ठिकाणी हा अवधी आणखी वाढतो. अर्थात सूर्याला जे जमत नाही ते मृगाचा पाऊस करून दाखवतो, त्यामुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर या विधानाची प्रचिती घेण्याची संधी क्वचितच मिळते.

लहान दुर्बिणीतून पाहण्यासारखे काही आहे का?

ब्रह्महृदय स्वतः कोणत्याही घरगुती दुर्बिणीत एकच पिवळा बिंदू दिसेल. मात्र सारथी समूहातील मेसिए ३६, ३७ आणि ३८ हे तीन तारकागुच्छ द्विनेत्रीतूनही दिसतात. ब्रह्महृदयाच्या अगदी जवळ तीन फिकट ताऱ्यांचा अरुंद त्रिकोण आहे. ग्रीक कथेत ब्रह्महृदय ही शेळी आणि ही तिची करडे मानली जातात. त्यांपैकी ब्रह्महृदयाला सर्वांत जवळचा एप्सिलॉन तारा दर २७ वर्षांनी जवळजवळ दोन वर्षे मंदावतो, कारण धुळीच्या प्रचंड तबकडीने वेढलेला त्याचा सोबती त्याच्यापुढून सरकतो. असे ग्रहण २००९ ते २०११ या काळात होऊन गेले. पुढचे ग्रहण २०३६ च्या सुमारास सुरू होणे अपेक्षित असून, शेजारच्या दोन करडांशी तेज ताडून ते नुसत्या डोळ्यांनीही नोंदवता येते.